जपानमधील बिनकर्मचारी स्थानकावरून प्रवास कसा करावा : गोमंतकीय प्रवाशांसाठी मार्गदर्शन

गोव्यातून जपानला जाणाऱ्या बहुतेकांची सहल तोक्यो, क्योतो आणि ओसाका या शहरांतच संपते. तेथील स्थानके अवाढव्य असली तरी परक्या माणसाला ती फारशी जड जात नाहीत, कारण पाट्या इंग्रजीतही असतात, तिकीटयंत्राला इंग्रजीचे बटण असते आणि काही अडलेच तर फाटकापाशी गणवेशातील कर्मचारी हजर असतो. अडचण सुरू होते ती मुख्य मार्ग सोडून एखाद्या गावाकडे वळल्यावर. तेथे गाडीला एक किंवा दोन डबे असतात, स्थानकावर तिकीटखिडकी नसते किंवा असली तरी दुपारनंतर बंद असते, गाडीत तिकीट तपासनीस नसतो आणि फलाटावर विचारायला दुसरा प्रवासीही बहुधा नसतो.

अशा स्थानकाला जपानीत ‘मुजिन-एकी’ म्हणतात, आणि ती अपवादात्मक आहेत असे समजू नये. जपानमधील सुमारे निम्मी स्थानके आज या प्रकारात मोडतात. कोकण रेल्वेवर पेडणे किंवा बाळ्ळी यांसारख्या लहान स्थानकांतही स्टेशन मास्तर असतो, कारण एकेरी मार्गावर गाड्यांचे क्रॉसिंग त्याला सांभाळावे लागते. जपानमध्ये सिग्नल आणि सांधे दूरच्या नियंत्रण कक्षातून हलवले जातात, त्यामुळे स्थानकावर माणूस ठेवण्याची तांत्रिक गरजच संपली. त्यातच गावांची लोकसंख्या घटत गेली, १ एप्रिल १९८७ रोजी तोट्यातील सरकारी रेल्वेचे विभाजन होऊन जेआर नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपन्या निर्माण झाल्या आणि खर्चाचा हिशेब अधिक काटेकोरपणे होऊ लागला. परिणामी चालकाकडेच तिकिटे घेण्याचे आणि भाडे वसूल करण्याचे काम आले. अशा गाडीला ‘वानमान’ गाडी म्हणतात आणि तिच्या दर्शनी पाटीवर तसे लिहिलेले असते.

आपल्या प्रवाशाला यात सर्वांत मोठी अडचण मनाची असते. मडगावच्या फलाटावर तिकिटाविना पाऊल ठेवायलाही आपण कचरतो, आणि येथे तर तिकीट न घेता सरळ गाडीत चढायचे असते. परंतु वानमान गाडीत तो गुन्हा नसून ठरलेली रीतच आहे. तिची व्यवस्था एकदा समजून घेतली की विचारायला कोणी नसले तरी काही बिघडत नाही. मात्र निघण्यापूर्वी तीन गोष्टी पक्क्या असल्या पाहिजेत : परतीची गाडी कोणती, जवळ सुटे पैसे किती आणि कोणत्या दाराने उतरायचे.

आधी परतीची गाडी

गावातील स्थानकाकडे निघताना जाण्याची नव्हे, तर येण्याची गाडी आधी ठरवावी. शहरातून बाहेर पडणाऱ्या गाड्या सकाळी पुरेशा असतात. मात्र दुपारी दोन-दोन, तीन-तीन तास एकही गाडी नाही असे गावांत सहज घडते, आणि शेवटची गाडी आपल्या अपेक्षेपेक्षा बरीच लवकर सुटते. स्थानकाबाहेर रिक्षा किंवा पायलट उभा असेल ही अपेक्षा तर ठेवूच नये. टॅक्सी लागल्यास ती दूरध्वनीवरून बोलवावी लागते. तिचा क्रमांक प्रतीक्षालयातील सूचनाफलकावर बहुधा लावलेला असतो, पण पलीकडचा माणूस जपानीतच बोलतो.

फलाटावरील वेळापत्रक वाचायला सोपे आहे. डाव्या उभ्या रकान्यात पहाटेपासून रात्रीपर्यंतचे तास चोवीस तासांच्या पद्धतीने दिलेले असतात, आणि प्रत्येक तासासमोर आडव्या ओळीत फक्त मिनिटे. १४ या अंकासमोर ०७ आणि ५२ असेल, तर दुपारी दोन वाजून सात मिनिटांनी आणि दोन बावन्नला गाडी आहे. अंकासमोरची ओळ कोरी असेल, तर त्या तासात गाडी नाही. दोन गोष्टींकडे मात्र बारकाईने पाहावे. पहिली म्हणजे दिशा : एकाच फळ्यावर दोन्ही दिशांची वेळापत्रके शेजारीशेजारी असतात आणि त्यांच्या शिरोभागी त्या बाजूच्या मोठ्या स्थानकाचे नाव असते, आपल्या गावाचे नाव तेथे शोधून उपयोग नाही. दुसरी म्हणजे वार : कामाच्या दिवसांचे आणि शनिवार-रविवार व सुट्ट्यांचे वेळापत्रक अनेक मार्गांवर वेगळे असते, आणि सुट्टीचे बहुधा लाल किंवा निळ्या रंगात छापतात. स्थानकावर उतरताच या फळ्याचे मोबाईलवर छायाचित्र घेऊन ठेवावे, कारण गावात नेटवर्क असले तरी प्रत्येक वेळी शोधत बसण्यापेक्षा ते सोयीचे असते.

घरून योजना आखण्यासाठी गूगल मॅप्स, नॅव्हिटाइम किंवा जोरुदान यांपैकी काहीही पुरेसे आहे. जुन्या प्रवासवर्णनांत हायपरडिया या संकेतस्थळाची शिफारस सर्रास आढळते, पण त्याची सेवा २०२२ मध्येच बंद झाली. शिवाय जेआरची वेळापत्रके दरवर्षी मार्चमध्ये बदलतात, म्हणून फेब्रुवारीत टिपून ठेवलेली वेळ एप्रिलच्या प्रवासात खरी धरू नये. मे महिन्याच्या शालेय सुट्टीत कुटुंबासह जाणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की २९ एप्रिलपासून ५ मेच्या आसपासपर्यंत जपानमध्ये सलग सुट्ट्यांचा आठवडा असतो आणि त्या काळात एका डब्याच्या गाडीतही दाटी होते. त्यानंतर जावे, हे उत्तम.

सुटे पैसे आणि कार्ड

शहरात सुइका किंवा इकोका हे आधी पैसे भरून ठेवलेले प्रवासाचे कार्ड टेकवून फिरण्याची सवय इतक्या लवकर लागते की जपानभर तेच चालेल असे वाटू लागते. तसे गृहीत धरू नये. २०१३ पासून अशी दहा प्रमुख कार्डे एकमेकांच्या क्षेत्रांत चालू लागली हे खरे, पण एका क्षेत्रात आत शिरून दुसऱ्या क्षेत्रात बाहेर पडता येत नाही. तोक्योहून सुइकावर निघालेला प्रवासी अतामीच्या पुढे शिझुओकाच्या बाजूला उतरला, तर त्याला खिडकीवर हिशेब करावा लागतो. आणि असंख्य ग्रामीण मार्ग कोणत्याच क्षेत्रात येत नाहीत. जेथे कार्ड चालते तेथेही लहान स्थानकावर फाटक नसते. नुसता एक खांब आणि त्यावर कार्ड टेकवायची पाटी असते. चढताना एका खांबावर आणि उतरताना दुसऱ्यावर कार्ड टेकवायचे असते. अडवणारे दार नसल्यामुळे उतरताना ते टेकवायचे राहून जाते आणि मग मोठ्या स्थानकाच्या खिडकीवर दुरुस्ती करून घेईपर्यंत पुढच्या प्रवासासाठी ते कार्ड चालत नाही.

म्हणून माणशी एक हजार येनच्या काही नोटा आणि मूठभर नाणी स्वतंत्र पाकिटात ठेवावीत. वानमान गाडीत चालकाशेजारी जी भाडेपेटी असते, तिच्यात पैसे टाकल्यावर बहुतेक ठिकाणी उरलेली रक्कम परत मिळत नाही. आधी त्याच पेटीच्या सुटे करणाऱ्या भागात नोट किंवा मोठे नाणे घालून सुटे करून घ्यायचे आणि मग नेमकी रक्कम टाकायची, अशी पद्धत आहे. हे यंत्र साधारणपणे हजाराची नोट घेते. पाच किंवा दहा हजारांची नोट घेऊन चालकापुढे उभे राहणे म्हणजे मागच्या सगळ्यांना खोळंबून ठेवणे. ३ जुलै २०२४ रोजी जपानने नव्या नोटा चलनात आणल्या आणि जुन्या यंत्रांना त्या ओळखता येतीलच असे नाही, हे आणखी एक कारण नाणी जवळ बाळगण्याचे. नाण्यांत भोक असलेली दोन आहेत. त्यांपैकी रुपेरी पन्नासचे आणि पिवळे पाचचे. पाचच्या नाण्यावर इंग्रजी अंक नसतो, म्हणून नवखा माणूस ते हातात धरून बुचकळ्यात पडतो.

सहा वर्षांखालील मुलांना मोठ्यांसोबत, माणशी दोघांपर्यंत, भाडे लागत नाही. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना अर्धे लागते.

चढताना

मोठ्या स्थानकातून गावाकडे निघताना नेहमीसारखे यंत्रातून तिकीट घ्यावे. यंत्राच्या वर मार्गाचा नकाशा असतो आणि प्रत्येक स्थानकाखाली भाडे लिहिलेले असते. आपल्याला फक्त तेवढ्या रकमेचे बटण दाबायचे असते. आपले स्थानक नकाशात सापडलेच नाही, तर सर्वांत कमी रकमेचे तिकीट घेऊन निघावे आणि उरलेला फरक उतरताना भरावा. आपल्याकडे तिकिटाच्या पुढे प्रवास केला तर दंड होतो. तेथे हा फरक भरणे ही मान्य व्यवस्था आहे आणि त्याबद्दल कोणी भुवई उंचावत नाही.

बिनकर्मचारी स्थानकातून निघताना आधी प्रतीक्षालयात यंत्र आहे का ते पाहावे. तिकिटाचे यंत्र असल्यास तिकीट घ्यावे. काही ठिकाणी केवळ ‘या स्थानकातून चढला’ एवढेच दाखवणारी चिठ्ठी देणारे यंत्र असते. तेथे बटण दाबले की पैसे न घेता कागद बाहेर येतो. काहीच नसेल, तर गाडीच्या प्रवेशदाराशी एक लहान पेटी असते आणि तिच्यातून अंक छापलेली चिठ्ठी निघते. तिला ‘सेइरिकेन’ म्हणतात. ती घेणे विसरू नये, कारण आपण कोठून चढलो याचा तोच एक पुरावा आहे आणि तो नसेल तर गाडी जेथून सुटली तेथपासूनचे भाडे मागितले जाऊ शकते. जपान रेल पास असणाऱ्यांनीही ती घेऊन ठेवावी. उतरताना पास दाखवला की झाले. मात्र हा पास जेआरच्या मार्गांसाठी असतो, आणि गावांकडचे अनेक छोटे मार्ग स्थानिक कंपन्यांच्या मालकीचे असल्याने त्यांवर तो बहुधा चालत नाही.

कोठे उभे राहायचे यालाही महत्त्व आहे. जुन्या काळी लांब गाड्या थांबत असल्याने फलाट लांबच लांब असतो आणि एका डब्याची गाडी त्याच्या एकाच भागात थांबते. फलाटावर वानमान गाडीचे प्रवेशदार कोठे येईल याची पाटी किंवा खूण असते. तेथे थांबावे, नाहीतर सामान घेऊन धावावे लागते. पिवळ्या उंचवट्यांच्या पट्टीच्या आत राहावे. ही पट्टी अंधांसाठी असून सेइइची मियाके यांच्या कल्पनेतून १९६७ मध्ये ओकायामा येथे प्रथम बसवली गेली. तिच्यावर बॅगा ठेवणे हे तेथे फार असभ्य समजले जाते.

गाडी थांबली तरी दार आपोआप उघडत नाही, असे अनेकदा होते. दाराशेजारी बटण असते, ते दाबल्यावरच ते उघडते. थंडीच्या प्रदेशात आत शिरल्यावर आतले बटण दाबून दार पुन्हा लावायचे असते. वानमान गाडीत साधारणपणे मागच्या दाराने चढतात आणि पुढच्या दाराने उतरतात. दोन डबे असले तरी बिनकर्मचारी स्थानकावर पुढच्या डब्याचीच दारे उघडतात. काही कंपन्यांची रीत वेगळी असते, म्हणून दारावर लिहिलेले जपानी शब्द वाचता येत नसतील तर कोणते बटण पेटले आहे, ते पाहावे.

उतरताना

गोंधळ होतो तो येथेच. चालकाच्या वरच्या बाजूस एक पडदा किंवा फळा असतो आणि त्यावर चौकोनांत अंक व त्यांखाली रकमा दिसतात. समजा, आपल्या चिठ्ठीवर ३ हा अंक आहे. मग ३च्या चौकोनाखाली जी रक्कम दिसते, तेवढे आपले भाडे. गाडी पुढे जाते तशी ती वाढते, म्हणून आधी कधीतरी पाहून ठेवलेल्या रकमेवर विसंबू नये. आपल्या स्थानकात गाडी शिरताना दिसते तीच खरी.

आधीचे स्थानक सुटले की उठून पुढच्या डब्यात, पुढच्या दाराकडे जावे. मोठी बॅग असल्यास त्याहीआधी निघावे. मागच्या डब्यात निवांत बसून राहिलेल्या प्रवाशाचे स्थानक दार न उघडताच मागे जाते, आणि परतीची गाडी दोन तासांनी असते. पैसे सुटे करायचे असतील तर गाडी एखाद्या स्थानकावर थांबलेली असताना करून घ्यावेत. चालत्या गाडीत चालकाशी बोलू नये. तो प्रत्येक सिग्नलकडे पांढऱ्या हातमोज्यातले बोट रोखून त्याची स्थिती मोठ्याने उच्चारत असतो. परक्या माणसाला ते गमतीचे वाटते, पण चूक टाळण्याची ती जुनी आणि गंभीर शिस्त आहे.

गाडी थांबली की चिठ्ठी आणि नेमके पैसे एकत्रच पेटीत टाकावेत. हातात तिकीट असेल तर ते चालकाला दाखवून पेटीत टाकावे. फरक भरायचा असेल तर तिकिटासह तेवढी रक्कम. तोंडी काही सांगावे लागलेच तर ‘सुमिमासेन’, म्हणजे माफ करा, एवढा एक शब्द पुरतो, बाकीचे काम बोटाने आणि कागदाने होते. यासाठी उतारूने आपल्या स्थानकाचे नाव सकाळी हॉटेलमधून जपानी लिपीत कागदावर लिहून घ्यावे.

उलट, ज्या मोठ्या स्थानकावर फाटक आणि कर्मचारी आहेत तेथे उतरताना गाडीत पैसे भरायचे नसतात. सगळी दारे उघडतात. चिठ्ठी घेऊन फाटकाजवळच्या खिडकीवर जावे आणि तेथे भाडे द्यावे. स्वयंचलित फाटकात सेइरिकेन घालून पाहू नये.

एक प्रत्यक्ष उदाहरण : शिमोनादा

शिकोकू बेटावरील एहिमे प्रीफेक्चरमध्ये, म्हणजे प्रांतात, शिमोनादा नावाचे बिनकर्मचारी स्थानक आहे. १९३५ मध्ये सुरू झालेले हे स्थानक म्हणजे एकच फलाट, त्यावर छोटे छत, बाके आणि समोर थेट इयो-नादाचा समुद्र. गोव्याच्या माणसाला समुद्राचे अप्रूप कशाला, असे कोणी म्हणेल. पण आपल्याकडे रेल्वे किनाऱ्यापासून आत राहते, आणि फलाटावर बसून क्षितिज दिसेल असे स्थानक आपल्या वाट्याला आलेले नाही.

येथे जाण्यासाठी मात्सुयामाहून योसान मार्गाची गाडी पकडायची असते आणि फसगत नेमकी याच ठिकाणी होते. हा मार्ग मुकाइबारा स्थानकाशी दोन शाखांत फुटतो. १९८६ मध्ये उचिको गावावरून जाणारा जवळचा रस्ता तयार झाल्यापासून सर्व जलद गाड्या, म्हणजे ‘तोक्क्यू’, त्या बाजूने जातात. शिमोनादा मात्र इयो-नागाहामावरून जाणाऱ्या जुन्या, किनाऱ्याच्या शाखेवर आहे. म्हणून घाई करून जलद गाडीत बसणारा माणूस शिमोनादाला पोहोचतच नाही. ‘फुत्सू’, म्हणजे सर्व स्थानकांवर थांबणारी, आणि इयो-नागाहामामार्गे जाणारी गाडीच घ्यावी. काही वेळा इयो-शी येथे गाडी बदलावी लागते. प्रवास सुमारे तासाभराचा आहे.

सूर्यास्तासाठी येथे येणारे पुष्कळ असतात आणि परतीच्या गाडीचा नियम त्यांनाच सर्वाधिक लागू पडतो. गोव्यात सूर्यास्ताची वेळ वर्षभरात जेमतेम तासाभराने मागेपुढे होते. शिमोनादाला ती जूनअखेरीस साडेसातच्या सुमारास असते, तर डिसेंबरच्या प्रारंभी पाचच्या सुमारास. तेव्हा महिना पाहून सूर्यास्त कधी, त्यानंतरची गाडी कधी आणि दोहोंत अंतर किती, हे आधी ताडून पाहावे. तेवढा खटाटोप नको असेल तर ‘इयोनादा मोनोगातारी’ ही २०१४ पासून धावणारी पर्यटन गाडी येथे काही मिनिटे थांबते, पण तिचे आरक्षण आधी करावे लागते. माझ्या मते साध्या गाडीने जाणेच चांगले. त्या काही मिनिटांत सगळा डबा एकाच बाकाचे छायाचित्र काढायला उतरतो.

छायाचित्रे काढताना रुळांवर उतरू नये आणि पट्टीबाहेर तिपाई रोवू नये. भोवती लोकांची घरे आहेत, हे विसरू नये.

मुलांना सोबत नेणारे बहुधा वाकायामाजवळील किशी स्थानकाचा विचार करतात. वाकायामा स्थानकाच्या नवव्या फलाटावरून तेथे जाणारी गाडी सुटते. २००७ मध्ये तामा नावाच्या मांजरीला स्टेशन मास्तर नेमल्याने हे बिनकर्मचारी स्थानक जगभर गाजले. ती २०१५ मध्ये गेली, तरी मांजराच्या चेहऱ्याच्या आकाराची स्थानकाची इमारत आणि पदाची परंपरा तेथे पाहायला मिळते. भाडेपेटीची कार्यपद्धती मात्र वर सांगितलेलीच.

स्थानकातील सोयी

बिनकर्मचारी स्थानकात सामान ठेवायला कुलूपबंद कपाटे बहुधा नसतात, म्हणून मोठ्या बॅगा जंक्शनवरच ठेवून यावे. कचऱ्याची टोपलीही नसते. पिशवी सोबत ठेवून कचरा परत न्यावा. शौचालय अनेकदा बसक्या पद्धतीचे असते, ज्याची आपल्याला सवय आहे, पण तेथे धुण्यासाठी पाण्याची सोय नसते. कागद आणि ओले रुमाल जवळ असावेत. पेय देणारे यंत्र असते, खायला काही मिळेलच असे नाही. शाकाहारी प्रवाशाने तर डबा शहरातूनच भरून घ्यावा, आणि तो गाडीपेक्षा प्रतीक्षालयात उघडणे अधिक बरे. गाडीत मोबाईलवर बोलू नये. घरचा फोन आलाच तर कापावा आणि उतरल्यावर लावावा.

अनेक प्रतीक्षालयांत टेबलावर स्थानकाचा रबरी शिक्का आणि शाईची गादी ठेवलेली असते. ही प्रथा १९३१ मध्ये फुकुई स्थानकात सुरू झाली. तो फुकट असतो, हवा तितक्या वेळा उमटवता येतो, आणि मुले तासभर त्यात रमतात. कोरी वही जवळ असू द्यावी. पासपोर्टवर मात्र तो उमटवू नये.

गाडी आलीच नाही तर

वेळेवर न आलेली गाडी जपानमध्ये क्वचित, पण एकेरी मार्गावर समोरची गाडी उशिरा आली की क्रॉसिंगसाठी आपलीही थांबते. थिवी किंवा करमळीला गाडी उगाच उभी राहिल्याचा अनुभव असलेल्यांना हे वेगळे समजावायला नको. पाच-दहा मिनिटे शांतपणे थांबावे. वादळाचा इशारा असेल तर गोष्ट निराळी. आपल्याकडे पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू धावतात. तेथे चक्रीवादळ येण्याआधीच संपूर्ण मार्ग बंद ठेवण्याची घोषणा होते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जाणाऱ्यांनी आदल्या रात्री त्या रेल्वे कंपनीचे संकेतस्थळ पाहावे आणि घोषणा असल्यास गावाकडे निघूच नये.

अचानक मार्ग बंद झाल्यास काही ठिकाणी गाडीऐवजी बस सोडली जाते. ती स्थानकाच्या पुढच्या चौकात किंवा जवळच्या मोठ्या रस्त्यावर थांबते, तिला तेच रेल्वे तिकीट चालते, आणि तिची सूचना प्रतीक्षालयाच्या दारावर चिकटवलेली असते. ती जपानीत असली तरी घड्याळाचे आकडे आणि नकाशा त्यात असतोच. मोबाईलमधील भाषांतराच्या कॅमेऱ्याखाली धरली की उरलेलेही कळते. सूचना नसेल, तर प्रतीक्षालयातील फलकावर रेल्वे कंपनीचा दूरध्वनी क्रमांक असतो, आणि काही स्थानकांत बटण दाबले की दूरच्या कर्मचाऱ्याशी बोलता येते असे यंत्रही असते. त्याच्याशी बोलताना स्थानकाचे नाव आणि आपण कोठे जाणार त्या स्थानकाचे नाव, एवढे दोनच शब्द स्पष्ट उच्चारावेत.